चिऊचा घास

लहान मुलांना मी भरवत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि प्रत्येकानं त्याचा आपापल्या परीनं अर्थ लावून घेतला आहे. सुनेला वाटतं मला किळस येते. मुलाला वाटतं, उभा जन्म शिलाई मशीनवर बसून आईची पाठ धरली आहे, वाटी घेऊन पोरामागे फिरणं तिला झेपत नाही. नातू मोबाईलकडे बघत तोंड उघडतो, सून घास घालते, आणि मी नेमकी तेव्हाच उठून गॅलरीतले कपडे काढायला जाते, ते वाळलेले नसले तरी. मी त्याला आंघोळ घालते, झोपवते, त्याची शी-शू काढते, बालवाडीच्या गाडीपर्यंत सोडून येते. फक्त हातात घास घेऊन त्याच्या तोंडासमोर धरत नाही. याचं कारण मी आजवर एकाच माणसाला सांगितलं, आणि तेही फार उशिरा.

आम्ही पडघ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावचे. भातशेती होती, पण ती चार भावांत वाटली गेल्यावर आमच्या वाट्याला जो तुकडा आला त्यातून होळीपर्यंतचा तांदूळ निघायचा, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. म्हणून बा भिवंडीला लूमवर लागला आणि वर्षभरानं आम्हालाही घेऊन आला. आम्ही म्हणजे आई, मी, आणि आईच्या कडेवर चार महिन्यांची चिमी. तिचं नाव पुष्पा, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतंच. चाळीतली अगदी शेवटची खोली आम्हाला मिळाली, कारण ती कुणाला नको होती. तिची मागची भिंत लूमच्या शेडची होती. भिंतीला टेकून बसलं की खटखट पाठीतून छातीत शिरायची. हंड्यातलं पाणी सदा थरथरत असायचं. तिथं राहणारे सगळेच मोठ्यानं बोलायचे, आणि गावी गेलं की काका म्हणायचे, भांडताय कशाला. शुक्रवारी लूम बंद असत. शुक्रवारी सकाळी जाग आली की कान रिकामे वाटायचे, आणि मग कळायचं की चिमी रडते आहे. बाकीच्या दिवशीही ती तेवढीच रडत असणार. आम्हाला ऐकू यायचं नाही, एवढंच.

गावीही आम्ही गरीबच होतो. पण तिथं परसात शेवगा होता, वरकस जमिनीवर नाचणी व्हायची, भात कापून झाला की त्याच शेतात वाल. पाऊस लागला की टाकळ्याची भाजी उगवायची, ओढ्यात चिंबोऱ्या सापडायच्या, आणि बाळंतिणीला कुणा ना कुणाच्या गोठ्यातून तांब्याभर दूध यायचं. यातलं काही विकत घ्यावं लागतं हे आईला माहीतच नव्हतं. भिवंडीत सगळंच दुकानात होतं, त्यामुळे आमच्या ताटात रेशनचा तांदूळ, पाण्यासारखी डाळ आणि कधीतरी सुक्या जवळ्याची चटणी, इतकंच आलं. चिमीला चहा आणि बटर. बटर म्हणजे तो कडक खारट पाव, चहात बुडवला की फुगून मऊ होतो. ती फुगलेली भुकटी चिमी चोखायची आणि गप्प व्हायची. आईला त्यात काही कमी वाटत नव्हतं, उलट थोडा अभिमानच होता. गावची पोरं पेज पितात, माझी पोर दुकानचं खाते, असं ती मावशीला सांगताना मी ऐकलं आहे. जेवायला आधी बा बसायचा, कारण बारा तास उभं राहून ड्युटी त्याला करायची होती. मग मी. आई शेवटी. तिच्या ताटात काय असायचं ते मी कधी पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून जेवायची.

सहाएक महिन्यांनी आईही कामाला जाऊ लागली, कांड्या भरायला. लूमच्या धोट्यात जी सुताची बारकी नळी बसते ती कांडी. मशीनवर ती भरत राहायची, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. मधे घरी येऊन चिमीला पाजणं शक्य नव्हतं. पहिले काही दिवस संध्याकाळी आली की तिचं पोलकं भिजलेलं असायचं. नंतर ते कोरडं असायचं. याबद्दल आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. मी सकाळी शाळेत जायची तेव्हा चिमीला शेजारच्या शकीलाचाची सांभाळायच्या. दुपारी मी आले की ती माझी. मी तेव्हा बारा वर्षांची होते. चिमी दीड वर्षाची होत आली तरी उभी राहत नव्हती. जिथं ठेवलं तिथं बसून राहायची आणि बघायची. तिच्या बघण्याचं लोक कौतुक करायचे, किती शांत पोर आहे म्हणायचे.

चाळ माईंच्या मालकीची होती. माई म्हणजे घरमालकीण. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर, पुढं मोठा ओटा, मागं पडवी. पूर्वी त्या सगळ्या पट्ट्यात त्यांची खाडीकाठची शेती होती. तिथं शेड आणि चाळी उभ्या राहिल्या आणि ते लोक मालक झाले. त्यांच्या घरासमोरून जाताना दुपारी तांदळाच्या भाकरीचा आणि तव्यावरच्या मासळीचा वास यायचा आणि मी नकळत हळू चालायची. माईंची सून दुसऱ्या बाळंतपणासाठी खारबावला माहेरी गेली होती आणि तिचा पहिला मुलगा आजीपाशी होता. त्याला सगळे सोन्या म्हणायचे. चिमीपेक्षा तो तीन महिन्यांनी लहान, पण ओट्यावर शेजारी बसवला तर मोठा भाऊ वाटायचा. तो आजीला दमवायचा. माईंचे गुडघे दुखत, त्याच्यामागे पळणं होत नव्हतं. एक दिवस त्यांनी मला बोलावलं, नखं बघितली, हात धुवायला लावले आणि सांगितलं की दुपारी आणि संध्याकाळी येऊन याला भरवत जा. महिन्याला काहीतरी देईन, सणाला परकराचं कापड. आईनं लगेच होकार दिला. चिमीला मी बरोबर न्यायची आणि बाहेर ओट्याच्या पायरीवर ठेवायची. चाळीतली पोरं ओट्याच्या आत येत नसत. हा नियम कुणी सांगितलेला नव्हता. सगळ्यांना माहीत होता.

सोन्याची वाटी मला आजही डोळ्यासमोर दिसते. मऊ भात, त्यावर घट्ट वरण, तूप. एका दिवशी उकडलेलं अर्धं अंडं, एका दिवशी ताज्या बोंबलाचा तुकडा. तो इतका मऊ असायचा की काटा काढताना बोटांत विरघळायचा. सोन्या दोन घास खायचा आणि तोंड फिरवायचा. उरलेलं मागच्या दारी कोंबड्यांना टाकायचं असं माईंनी सांगितलं होतं. पहिला आठवडा मी ते कोंबड्यांना टाकलं. त्या भांडत खायच्या. दुसऱ्या आठवड्यात मी घरून डबी घेऊन गेले. आईची मशेरी ठेवायची अॅल्युमिनियमची चपटी डबी, परकराच्या नेफ्यात बसायची. कितीही घासली तरी तिला मशेरीचा वास यायचा. त्या डबीतलं पहिलं अंडं मी चिमीला आमच्या खोलीत दार लावून भरवलं. तिला गिळता येईना. तिनं ते तोंडात धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू हे कुणीतरी परत मागेल. मग गिळलं आणि तोंड उघडलं. तिनं स्वतःहून तोंड उघडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

इथवर मी जे केलं त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट पुढचं आहे. उरलेलं पुरेनासं झालं. चिमीला भूक लागायला लागली. आधी ती नुसती बसायची, आता ती मागायची. आणि सोन्या, त्याला मी नीट भरवत असल्यामुळे, बरा खायला लागला होता. मुलांना भरवताना आपण एक घास चिऊचा, एक घास काऊचा असं म्हणतो आणि तो घास मुलाच्याच तोंडात घालतो. मी चिऊचा घास खरंच बाजूला काढू लागले. चिऊ भुकेली आहे, चिऊला देऊ या का, असं मी विचारायची आणि सोन्या मान हलवायचा. मग मी घास डबीत ठेवायची आणि चिऊ जेवल्यासारखा आवाज करायची. तो खिदळायचा. त्याला हा खेळ फार आवडला. थोड्याच दिवसांत मला विचारावंही लागेना. तो दोन घास खायचा, ओठ घट्ट मिटायचा आणि वाटीवर बोट ठेवून म्हणायचा, “चिऊ.” त्याला तेव्हा पाच-सहाच शब्द येत होते, त्यातला हा एक. आणि मी आणखी एक गोष्ट केली. ती मी चिमीलाही सांगितलेली नाही. जेवणाआधी मी त्याला पेलाभर पाणी पाजायची. ऊन आहे, तहान लागली असेल, असं स्वतःला सांगायची. पाण्यानं पोट भरलं की पोर कमी खातं हे मला चांगलं माहीत होतं. आमच्या घरात आई तेच करायची, स्वतःसाठी.

सगळं चिमीच्याच पोटात गेलं असंही नाही. माईंच्या घरापासून आमच्या खोलीपर्यंत शंभरेक पावलं. एका हातानं चिमीला कडेवर धरून मी चालायची आणि दुसरा हात नेफ्याशी जायचा. कधी अंड्याचा पिवळा भाग, कधी तुपाचा भात. एकदा घरी पोचेपर्यंत डबी रिकामी होती. चिमीनं ती उलटी करून पाहिली, आत बोट फिरवलं, बोट चोखलं. मी तिला चहा-बटर दिलं.

महिन्यातून एकदा बालवाडीच्या बाई वजनं घ्यायला यायच्या. माईंच्या ओट्याच्या वाशाला त्यांचा काटा टांगायचा, खाली कापडाची झोळी, आणि चाळीतली सगळी पोरं एकामागून एक त्या झोळीत. बाई बारीक, चष्मेवाल्या, फार कमी बोलणाऱ्या. प्रत्येक पोराचं एक कार्ड होतं, त्यावर त्या ठिपका मांडायच्या. चिमीचा ठिपका नेहमी खालच्या पट्ट्यात पडायचा आणि आई घरी असली तर बाई तिला डाळ, अंडं, शेंगदाणे असं काहीबाही सांगायच्या. आई मान हलवायची. दिवाळीनंतरच्या खेपेला चिमीचा ठिपका वर गेला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी वर. त्या दिवशी शुक्रवार असल्यामुळे आई घरी होती. बाईंनी तिला विचारलं, काय देता हल्ली? आईचा चेहरा असा फुलला की मला तो अजून बघवत नाही. ती म्हणाली, तेच की, चहा-बटर, आनी आमटी-भात. शहरचं पानी मानवलं तिला. मग सोन्याला झोळीत घातलं. बाईंनी काट्याकडे बघितलं, झोळी हलकेच थांबवली, पुन्हा बघितलं. त्याचं कार्ड काढलं, चिमीचं शेजारी ठेवलं. चष्म्यावरून त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. मी काट्याचा दोर धरून उभी होते.

जाताना त्यांनी मला नळापाशी गाठलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की माईंना विचारून घे, त्या नाही म्हणणार नाहीत. मी म्हटलं, काय विचारू? त्या पिशवी उचलून निघून गेल्या. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काम गेलं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. आणि काम गेलं तर डबी गेली.

त्या संध्याकाळी माईंनी सोन्याची दृष्ट काढली. मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरची तडतडली पण ठसका लावणारा खाट उठला नाही. माई म्हणाल्या, बघ, किती लागलीय. कुणाची लागली असंल गो? हे त्यांनी मलाच विचारलं, कारण पडवीत मीच होते. मी म्हटलं, मला काय माहीत माई. माझ्या नेफ्यात डबी होती, आणि डबी अजून गरम होती.

पुढं काय होणार हे मला कळायला हवं होतं असं आता वाटतं. पण मी बारा वर्षांची होते आणि चिमी भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. मला दुसरं काही दिसत नव्हतं. थंडी सरता सरता सोन्याला जुलाब-उलट्या लागल्या. चाळीत त्या आठवड्यात आणखी तीन-चार पोरांना लागल्या होत्या, चिमीलाही एक दिवस. पाण्याचा दोष असणार. पण बाकीची पोरं दोन दिवसांत उठली आणि सोन्या उठला नाही. त्याचे डोळे आत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला डॉक्टरच्या दवाखान्यात ठेवून सलाईन लावली. माईंच्या मुलानं, म्हणजे सोन्याच्या बापानं, मला उकळलेल्या पाण्याची कासंडी घेऊन तिकडे पाठवलं आणि तो बायकोला आणायला खारबावला गेला. मी गेले तेव्हा माई बाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. आत लोखंडी पलंगावर सोन्या होता, हाताला लाकडी फळी बांधलेली. डॉक्टर बाहेर येऊन त्यांना विचारत होते, खातापिता घर है, बच्चा इतना कमजोर कैसे? माई मान खाली घालून ऐकत होत्या. माईंना कुणी असं विचारताना आणि त्यांना मान खाली घालताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर आत गेले. मी कासंडी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. रडले नाही. भराभर बोलले, शाळेत पाठ म्हणून दाखवतात तसं.

माईंनी मधे एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, किती दिवसांपासून. मी म्हटलं, गणपती गेल्यापासून. सगळं चिमीला घातलंस? मी म्हटलं, थोडं मी पण खाल्लं. पाण्याचंही सांगितलं. त्यांच्या हातात सोन्याचं झबलं होतं. त्याची त्या घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. मारलं असतं तर बरं झालं असतं असं पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

त्या म्हणाल्या, “मागितलं असतंस तर दिलं असतं, असं मी आता लोकांना सांगू शकते. पन तुला खरं सांगते. न्हाय दिलं असतं.”

मी खाली ठेवलेली कासंडी बाकाखाली सरकवली.

“रोज माझ्या पायरीवर बसलेली असते ती पोर,” त्या म्हणाल्या. “मी तिला ओलांडून जाते-येते. मला ती कदी दिसलीच न्हाय गो.”

रस्त्यावरून सुताच्या गाठोड्यांचे टेम्पो जात होते. मग त्यांनी झबलं पिशवीत टाकलं आणि नेहमीच्या आवाजात, कामाचं सांगावं तसं, सांगितलं की हे कुणाला कळता कामा नये, तुझ्या आईलाही नको. सोन्या बरा झाला की ये. आधी त्याला पोटभर घाल, मी समोर बसेन. आणि चिमीला आत पडवीत आण, तिची वाटी वेगळी काढेन.

सोन्या बरा झाला. तिसऱ्या दिवशी तो रिक्षात आईच्या मांडीवर बसून घरी आला आणि चाळीतले सगळे बघायला गेले. मी गेले नाही. माझ्या आईला सांगितलं की माईंची सून आली आहे, आता माझी गरज नाही. आईनं खोदून विचारलं नाही. संध्याकाळी घरातलं काम करायला मी मिळाले, तिला तेवढंच बरं. डबी मी शेडच्या मागच्या गटारात टाकली. चिमी दुपार झाली की दाराकडे सरकायची, उंबऱ्याला धरून उभी राहायची आणि माईंच्या घराच्या दिशेनं हात करायची. मी तिला उचलून आत आणायची.

मी का गेले नाही? वाटी वेगळी मिळणार होती, चोरीचं भय उरलं नव्हतं, सगळं हातात आलं होतं. पण मला त्या मुलासमोर बसता आलं नसतं. तो ओठ मिटून वाटीवर बोट ठेवील आणि तो शब्द म्हणेल, आणि समोर माई असतील, एवढंच मला दिसत राहायचं. याहून मोठं कारण मला आजही सापडलेलं नाही. लाज. पोटापेक्षा मोठी लाज, आणि पोट माझं नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी माई स्वतः आल्या. घरमालकीण चाळीच्या त्या टोकापर्यंत कधी आली नव्हती. मी त्यांना लांबूनच पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवत, गटारं चुकवत, पदराखाली काहीतरी झाकून त्या येत होत्या. मी दार लावून कडी घातली. त्यांनी कडी वाजवली, हाक मारली. आत चिमी मांडीवर होती. बाहेरचा वास तिला आला असावा, किंवा आवाज ओळखीचा वाटला असावा. तिनं तोंड उघडलं. मी माझा तळवा तिच्या तोंडावर दाबून धरला. भिंतीपलीकडे लूम चालू होते, ती ओरडली असती तरी बाहेर ऐकू गेलं नसतं. तरी मी दाबून धरला. तिचे ओठ माझ्या तळव्याखाली हलत होते. माई किती वेळ उभ्या होत्या ते मला सांगता येणार नाही. मी दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मी गल्ली बदलायची.

पुढच्या दोन खेपांना बाईंनी मांडलेले ठिपके खाली आले. मग गोवर आला. चिमी त्यातून वाचली, पण त्यानंतर ती वाढली नाही असंच म्हणावं लागेल. म्हणजे वर्षं वाढली. चालायला तिला तीन वर्षं लागली. शाळेत ती शेवटपर्यंत पहिल्या रांगेत, आणि चौथीत दोनदा बसली. बाला दुसऱ्या शेडमध्ये काम मिळालं आणि आम्ही चाळ सोडली. आई अखेरपर्यंत सगळ्यांना सांगायची की चिमीचा बांधाच तसा, माझ्या सासूवर गेली. आईची सासू चांगली धिप्पाड होती. मी ते कधी सुधारलं नाही.

सोन्याला मी मोठा झालेला एकदा पाहिला, पडघ्याच्या एका लग्नात. उंच, रुंद, दोन्ही हातांनी लोकांना वाढणारा, आग्रह करणारा. माझ्या ताटात त्यानं जिलेबी वाढली आणि म्हणाला, घ्या हो मावशी, लाजू नका. त्याला काही आठवण असण्याचं कारण नव्हतं. मी ती जिलेबी खाल्ली. माई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या, असं कुणीतरी बोलण्यात सांगितलं.

चिमी आता दापोड्याच्या एका गोदामात पार्सलं भरायच्या कामाला जाते. खालच्या दोन फळ्या तिच्या. वरच्या फळ्यांना हात पोचत नाही म्हणून पोरी तिला गमतीनं छोटी आजी म्हणतात, आणि तीही हसते. लग्न झालं, दोन मुलं झाली, दोन्ही पोटात असताना डॉक्टरांनी धाक घातला होता. पाठ दुखते, हाडं लवकर झिजली आहेत म्हणतात. सुटीच्या दिवशी ती माझ्याकडे येते. गेल्या पावसात अशीच आली होती. घरात आम्ही दोघीच होतो, मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ. मला काय झालं कोण जाणे, मी बोलायला लागले. माईंचं घर, डबी, चिऊचा घास, दवाखाना, मग दार, कडी, आणि तिच्या तोंडावरचा माझा हात. सगळं सांगितलं, फक्त तेवढं पाण्याचं सोडून. बोलताना मी वालांकडेच बघत होते.

तिनं सोलणं थांबवलं नाही. साली एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला. मी थांबल्यावर तिनं दोन-तीन वाल सोलले आणि विचारलं, “मग थांबलीस कशाला?”

आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट ऐकताना मधलं काही सुटलं असावं आणि ते विचारावं, तसं विचारलं. परक्याच्या पोराच्या तोंडचा घास का काढलास, याला काय सांगायचं ते मी आयुष्यभर घोटून ठेवलं होतं, आणि तेच तिनं विचारलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती, लहानपणी बघायची तशीच, न बोलता. थोड्या वेळानं तिनं परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि माझ्या वाटणीचे वालही सोलायला घेतले.